लांब पल्ल्याच्या पायवाटेवर दोघांचा विश्रांतीचा थांबा: कधी घ्यावा, कसा वापरावा

अमेरिकेतील अपालाचियन ट्रेल किंवा पॅसिफिक क्रेस्ट ट्रेल यांसारखी पायवाट एकाच हंगामात सलग चालून पूर्ण करायची, म्हणजे थ्रू-हाइक करायची, असे एखाद्या जोडप्याने ठरवले की तयारीचा बहुतेक वेळ सॅकचे वजन, बूट आणि परवाने यांतच जातो. विश्रांतीचा विचार मात्र 'दमलो की थांबू' एवढ्यावर सोडून दिला जातो. एकट्याच्या बाबतीत हे चालून जाते, कारण दमणारा आणि ठरवणारा एकच असतो. दोघे चालत असताना एकाचे गुडघे बोलू लागलेले असतात आणि दुसऱ्याला आत्ता कुठे चालण्याची लय सापडलेली असते. थांबायचे का, किती थांबायचे आणि थांबून काय करायचे, हे प्रश्न गावाच्या वेशीवर भुकेल्या पोटी सोडवायला घेतले, तर वाद ठरलेलाच. माझे मत याबाबत ठाम आहे: थांब्याची लांबी दोघांपैकी जास्त थकलेल्याच्या गरजेवरून ठरावी आणि त्या थांब्यात दोघांना शरीराच्या विश्रांतीबरोबरच एकमेकांपासूनही काही तासांची मोकळीक मिळावी.

पायवाटेवर रुळलेले दोन शब्द आधी समजून घ्यावेत. ज्या दिवशी पायवाटेवर एकही मैल चालले जात नाही, तो 'झिरो'. ज्या दिवशी थोडेच अंतर चालून उरलेला वेळ गावात काढला जातो, तो 'नीरो'. पुढील सर्व हिशेब या दोन प्रकारच्या दिवसांभोवती फिरतो.

हिशेब निघण्यापूर्वीच मांडावा

अपालाचियन ट्रेल जॉर्जियातील स्प्रिंगर पर्वतापासून मेनमधील कटाडिनपर्यंत चौदा राज्यांतून जाते आणि तिची लांबी सुमारे 3,500 किलोमीटर आहे. ती 150 दिवसांत पुरी करायची म्हटल्यास रोजची सरासरी 23 किलोमीटरच्या थोडी वर येते आणि हा आकडा वाचायला सोपा वाटतो. परंतु त्यातले 20 दिवस झिरोचे धरले की चालण्याचे 130 दिवस उरतात आणि तीच सरासरी 27 किलोमीटरच्या घरात जाते. उत्तरेकडे चालणाऱ्यांना शेवटाला मुदतीचीही अट असते, कारण कटाडिन ज्या बॅक्स्टर स्टेट पार्कमध्ये आहे तेथील मुक्कामाचा हंगाम ऑक्टोबरच्या मध्याला संपतो. पॅसिफिक क्रेस्ट ट्रेलवर, जी सुमारे 4,265 किलोमीटर लांब आहे, वॉशिंग्टन राज्यातील शरद ऋतूतला बर्फ हेच काम करतो. म्हणून झिरोचे दिवस आधीच राखून ठेवावेत आणि ते खर्च झाले तरी अपराधी वाटून घेऊ नये. ते आराखड्यात नसतील, तर मागे पडण्याची धास्ती घेतलेला जोडीदार प्रत्येक थांब्यावर घड्याळ पाहत बसतो आणि दुसऱ्याला आपले दुखणे लपवावेसे वाटू लागते. दुखणे लपवले जाणे हा जोडीने चालण्यातला सर्वांत मोठा धोका आहे, असे मी मानतो.

किती दिवसांनी थांबावे याला एकच उत्तर नाही. पहिल्या महिन्यात स्नायू लवकर तयार होतात, पण स्नायुबंध आणि हाडे यांना त्याहून बराच जास्त काळ लागतो. त्यामुळे अंगात जोर आल्यासारखे वाटू लागते, नेमक्या त्याच काळात दुखापती होतात. या दिवसांत दर पाच-सहा दिवसांनी एक नीरो आणि दहा-बारा दिवसांनी एक झिरो, एवढे प्रमाण बहुतेकांना मानवते. पुढे दोघांची शरीरे तयार झाल्यावर झिरो विरळ करता येतात.

जागा निवडताना

गाव पायवाटेपासून किती लांब आहे, ही पहिली पाहण्याची गोष्ट. नॉर्थ कॅरोलायनातील हॉट स्प्रिंग्ज किंवा व्हर्जिनियातील डमॅस्कस येथे पायवाट थेट गावातूनच जाते, त्यामुळे थांबा घेण्यासाठी एक पाऊलही वाया जात नाही. याउलट पॅसिफिक क्रेस्ट ट्रेलवर, सिएरा नेवाडा पर्वतरांगेत कियरसार्ज खिंडीतून खाली ऑनियन व्हॅलीत उतरायचे, तर सुमारे 3,580 मीटर उंचीची खिंड जाताना एकदा आणि परतताना, नव्या रसदीच्या ओझ्यासह, पुन्हा एकदा ओलांडावी लागते. तेथून गावापर्यंत वाहनाची सोय पाहावी लागते ती वेगळीच. अशा ठिकाणी एका रात्रीसाठी उतरणे जोडप्याला क्वचितच परवडते. उतरायचेच असेल तर पूर्ण झिरो घ्यावा आणि शक्य झाल्यास लागोपाठ दोन. याच पायवाटेच्या उत्तर टोकाजवळच्या स्टेहेकिन या वस्तीला बाहेरच्या जगाशी जोडणारा रस्ताच नाही, तेथे लोक चेलान सरोवरातून बोटीने, लहान विमानाने किंवा पायी पोहोचतात. कॅनडाची सीमा तेथून सुमारे 130 किलोमीटरवर असल्याने तो बहुतेकांचा शेवटचा थांबा ठरतो. मात्र गंभीर उपचार लागण्याची शंका असेल, तर रस्ता नसलेल्या ठिकाणापर्यंत दुखणे ओढत नेऊ नये.

दुसरी गोष्ट वाराची. टपाल कार्यालये रविवारी बंद असतात आणि लहान गावांत ती शनिवारीही थोडाच वेळ उघडी असतात. 'जनरल डिलिव्हरी'ने, म्हणजे टपाल कार्यालयातच राखून ठेवण्याच्या सोयीने, स्वतःला पाठवलेले पार्सल शनिवारी दुपारी हुकले, तर सोमवारपर्यंत नको असलेला थांबा पदरी पडतो. पार्सल घेताना छायाचित्र असलेले ओळखपत्र दाखवावे लागते आणि पार्सल ज्याच्या नावे आहे त्यानेच जाणे सर्वांत सोयीचे असते, म्हणून कोणते पार्सल कोणाच्या नावे टाकायचे हे आधी ठरवून लिहून ठेवावे. पाय दुखावलेल्याच्याच नावावर सगळी पार्सले असली, तर विश्रांतीची खरी गरज असलेल्यालाच पायपीट करावी लागते.

तिसरी गोष्ट खोलीची. वसतिगृहातील सामाईक खोली स्वस्त पडते आणि तेथे पुढच्या वाटेची ताजी माहितीही मिळते. परंतु महिन्यातून निदान एकदा तरी दार लावून घेता येईल अशी स्वतंत्र खोली घ्यावी. अनेक आठवडे सव्वा मीटर रुंदीच्या तंबूत झोपलेल्या दोन माणसांना चार भिंतींच्या आडोशाला शांतपणे बोलता येणे ही चैन मानू नये.

एका रात्रीच्या भाड्यात दीड दिवस

पैसे आणि वेळ दोन्ही वाचवणारी एक रीत जोडप्यांनी अवश्य अंगी बाणवावी. गावात संध्याकाळी न पोहोचता गावाअलीकडे पाच-सात किलोमीटरवर, जेथे परवानगी असेल तेथे तंबू लावावा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या सुमारास गावात शिरावे. खोली दुपारी मिळणार असली तरी सॅक ठेवू द्यायला बहुतेक ठिकाणी हरकत नसते, त्यामुळे कपडे, टपाल आणि खरेदी खोली हाती येण्यापूर्वीच उरकता येते. रात्र गावात काढून तिसऱ्या दिवशी दुपारी जेवून निघाले की एका रात्रीच्या भाड्यात सुमारे 28 तासांची विश्रांती पदरात पडते. संध्याकाळी थकून पोहोचणारे जोडपे त्याच भाड्यात जेवते, झोपते आणि सकाळी घाईघाईने कामे आटोपून निघते, आणि त्याला थांबल्याचे समाधान मिळत नाही.

पोहोचल्यावर आधी पाय

गावात पोहोचल्यावर अंघोळ आणि जेवण यांची ओढ स्वाभाविक आहे, तरीही पहिला अर्धा तास पायांसाठी राखावा. येथे जोडीने चालण्याचा मोठा लाभ मिळतो, कारण स्वतःची टाच आणि तळवा माणसाला नीट दिसत नाही. पाय साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करावेत. एकाने पलंगावर पालथे झोपावे आणि दुसऱ्याने प्रकाशात दोन्ही तळवे पाहावेत. ओलाव्याने पांढरी पडलेली, सुरकुतलेली कातडी, बोटांच्या बेचक्यांतील चिरा, नखांच्या कडेची सूज, टाचेच्या कडेला जाड कातडीखाली दडलेली फोड, या सर्व गोष्टी अशाच सापडतात. जाड कातडीखालची फोड बाहेरून केवळ पिवळसर डागासारखी दिसते आणि अंगठ्याने हलके दाबल्यावर आत पाणी हलल्याचे जाणवते. लहान, न दुखणारी फोड तशीच झाकून ठेवावी. मोठी आणि दुखणारी फोड असल्यास निर्जंतुक सुईने कडेला छिद्र पाडून पाणी काढावे, वरची कातडी मात्र काढून टाकू नये. भोवतीची लाली पसरत असेल, पू दिसत असेल किंवा ताप असेल, तर घरगुती उपाय थांबवून डॉक्टरांकडे जावे.

यानंतर नडगी आणि चवडा तपासावा. जोडीदाराने नडगीच्या हाडावरून अंगठा दाबत खाली यावे. लांबवर पसरलेली ठणक बहुधा स्नायूंची किंवा हाडावरच्या आवरणाची असते आणि ती एक-दोन दिवसांच्या विश्रांतीने उतरू लागते. बोटाच्या पेराएवढ्या एकाच जागी हाडावर दाबताच कळ येत असेल आणि ती जागा रात्री, पडल्या पडल्याही दुखत असेल, तर हाडाला बारीक तडा गेल्याची शंका घ्यावी. अशा तड्याचा सुरुवातीच्या दोन-तीन आठवड्यांत एक्स-रे स्वच्छ येऊ शकतो, म्हणून एक्स-रेमध्ये काही दिसले नाही एवढ्यावर चालणे सुरू करू नये. ही तपासणी वेदनाशामक गोळी घेण्यापूर्वी करावी, कारण गोळीनंतरचे 'आता दुखत नाही' हे उत्तर भरवशाचे नसते.

गोचीड असलेल्या प्रदेशात, विशेषतः अपालाचियन ट्रेलच्या ईशान्येकडील राज्यांत, अंगाची तपासणीही याच वेळी उरकावी. गुडघ्यामागची खोबण, जांघ, काख, बेंबी, कानामागचा भाग आणि केसांची रेषा या जागा जोडीदाराने पाहाव्यात. रुतलेली गोचीड बारीक चिमट्याने कातडीला लागून धरून सरळ वर ओढावी आणि तारीख टिपून ठेवावी. लाइम आजाराचा चट्टा 3 ते 30 दिवसांत उमटू शकतो, तोवर तुम्ही तीन-चार गावे पुढे गेलेले असाल आणि तेव्हा डॉक्टरांना सांगायला ती तारीखच कामी येईल.

कामे आधी, पण वाटून

कामे दुपारपर्यंत संपवून उरलेला वेळ खऱ्या अर्थाने रिकामा ठेवावा. दोघांनी मिळून प्रत्येक कामाला जाण्याची सवय गोड वाटली तरी तिने वेळ दुप्पट जातो. एकाने कपडे आणि सामान घ्यावे, दुसऱ्याने टपाल आणि रसद. पुढच्या थांब्यावर अदलाबदल करावी. ज्याचे पाय वाईट अवस्थेत आहेत त्याला बसून करायचे काम द्यावे.

कपडे धुताना अंगावर पावसाळी जाकीट आणि पँट घालून बाकी सगळे यंत्रात टाकण्याची पद्धत या पायवाटांवर सर्वमान्य आहे. गोचिडींच्या भागात मात्र क्रम उलटा करावा: कपडे कोरडे असतील तर धुण्यापूर्वी ते ड्रायरमध्ये जास्त उष्णतेवर दहा मिनिटे फिरवावेत, कारण थंड वा कोमट पाण्यात धुतल्याने गोचिडी मरत नाहीत, कोरड्या उष्णतेने मरतात.

सामानात तंबू सर्वांत आधी बाहेर काढावा. तो दवाने ओला असतो आणि तसाच गुंडाळून दोन रात्री राहिला तर त्याला बुरशीचा वास धरतो. खोलीत दोरी बांधून किंवा अंगणात सावलीत तो पसरावा, कारण कडक उन्हाने कापड लवकर जीर्ण होते. झोपण्याच्या पिशव्या सोडून फुलू द्याव्यात. पाण्याचा गाळणी-फिल्टर स्वच्छ पाणी उलट दिशेने जोरात सोडून धुवावा. प्रवाह मंदावला असेल तर हे तीन-चार वेळा करावे, आणि मागच्या टप्प्यात फिल्टर गोठल्याची शंका असेल तर तो टाकूनच द्यावा, कारण आतल्या बारीक नळ्या फुटलेल्या बाहेरून दिसत नाहीत. दोघांत एकच फिल्टर आणि एकच स्टोव्ह ठेवणे वजनासाठी ठीक आहे. पण पाणी शुद्ध करण्याच्या गोळ्या, काडेपेटी, दिवा, नकाशा आणि एक उबदार कपडा प्रत्येकाच्या सॅकमध्ये स्वतंत्र असावा, म्हणजे वाटेत चुकामूक झाली तरी कोणी अडचणीत येणार नाही.

रसद विकत घ्यायला पोटभर जेवूनच जावे. माणशी दर दिवसाला 700 ते 900 ग्रॅम कोरडे अन्न हा सर्वसाधारण अंदाज आहे, मात्र दोघांची भूक सारखी धरू नये. रात्रीचे जेवण सामाईक ठेवावे आणि चालताना खायचे पदार्थ प्रत्येकाने आपले आपण निवडावेत. कोणी कोणाचा वाटा संपवला यावरून होणारे बरेचसे रुसवे एवढ्याने टळतात.

आजारपणाबद्दल एक नियम कडकपणे पाळावा. वसतिगृहांत आणि निवाऱ्यांत नोरोव्हायरसची लागण पसरत असते आणि त्या विषाणूवर हातांना लावायचे अल्कोहोलयुक्त जेल पुरेसे काम करत नाही. साबण आणि वाहते पाणीच लागते. दोघांपैकी एकाला उलट्या-जुलाब सुरू झाल्यास पाण्याची बाटली, चमचा आणि खाऊच्या पिशव्या तात्काळ वेगळ्या कराव्यात, दुसऱ्याचे अन्न आजाऱ्याने हाताळू नये आणि लक्षणे थांबल्यावरही दोन दिवस हे पाळावे. याचा अर्थ थांबा लांबतो. तो लांबू द्यावा, कारण दुसरा माणूस तीन दिवसांनी दुर्गम टप्प्यात आजारी पडला तर त्याची किंमत कितीतरी जास्त असते.

एकमेकांपासूनची विश्रांती

थ्रू-हाइकवरच्या जोडप्याला चोवीस तास एकमेकांची सोबत असते, आणि ती कितीही हवीशी असली तरी माणसाला काही काळ कोणाच्याही चालीशी चाल न जुळवता राहावेसे वाटते. प्रत्येक झिरोमध्ये तीन-चार तास असे ठरवावेत की त्या वेळात कोणी कोठे जाणार, काय करणार, हे विचारायचे नाही. एकाला ग्रंथालयात बसायचे असेल, दुसऱ्याला घरी आई-वडिलांशी निवांत फोनवर बोलायचे असेल किंवा नुसते झोपायचे असेल. हा वेळ कामे संपल्यावरचा असावा. कामांत गेलेला वेळ 'मी एकटाच तर होतो' म्हणून यात मोजू नये.

मग संध्याकाळी, जेवण झाल्यावर, एकत्र बसून बोलावे. 'कसं वाटतंय?' या मोघम प्रश्नाला बहुतेक वेळा 'ठीक आहे' हेच उत्तर येते, म्हणून प्रश्न नेमके असावेत. कोणता सांधा सर्वांत जास्त दुखतो आहे? सकाळी उठल्यावर पहिली पंधरा मिनिटे कसे चालवते? मागच्या टप्प्यात माझी चाल तुला जड गेली का? उद्याऐवजी परवा निघालो तर बरे वाटेल का? शेवटचा प्रश्न जास्त ताज्या माणसाने विचारावा. थकलेला माणूस स्वतः होऊन एक दिवस मागायला संकोचतो, विशेषतः मागचा झिरोही त्याच्यासाठीच घेतला असेल तर. आणि एक दिवस मिळाल्यावर त्याचा उल्लेख पुढे कधी उपकारासारखा होऊ नये.

एकाला आठवडाभराची विश्रांती लागली तर काय करायचे, हेही निघण्यापूर्वीच बोलून ठेवलेले बरे. दोघांनी थांबणे हा एक मार्ग. निरोगी जोडीदाराने पुढे चालत राहणे आणि दुसऱ्याने काही दिवसांनी वाहनाने पुढच्या गावी भेटणे, हा दुसरा. सॅक वाहनाने पुढे पाठवून दिवसभर हलक्या पाठीने चालणे हा मधला मार्ग अपालाचियन ट्रेलवर बराच वापरला जातो, पण तो थकव्यासाठी आहे, हाडाच्या दुखण्यासाठी नाही. यातले काहीही चूक नाही. दोघांपैकी कोणाला संपूर्ण वाट सलग पायी चालल्याचे मोल अधिक वाटते आणि कोणाला सोबत राहण्याचे, हे ज्यांनी एकमेकांना मोकळेपणी सांगितले आहे, त्यांचा निर्णय दहा मिनिटांत होतो.

निघताना

निघण्याची वेळ आदल्या रात्री ठरवून ती पाळावी, कारण चांगल्या गावातून पाय निघत नाही आणि दोघांपैकी एक जण नेहमी 'आजचा दिवस राहू' म्हणतो. दुखणे, आजार किंवा वादळ यांसाठी थांबावे. केवळ गादी सोडवत नाही म्हणून थांबायचे असेल, तर तो दिवस राखीव झिरोंतून कापला जातो आहे हे दोघांनी उघड बोलून थांबावे.

सॅक भरण्यापूर्वी ओझ्याची नव्याने वाटणी करावी. पुष्कळदा एक जण तंबू आणि दुसरा अन्न घेतो आणि पहिल्या दिवशी दोन्ही वजने सारखी असतात. पण अन्न दररोज संपत जाते, तंबूचे वजन मात्र शेवटपर्यंत तेवढेच राहते. पाचव्या दिवशी तंबूवाला मागे पडू लागतो आणि कारण कोणाच्या लक्षात येत नाही. म्हणून अन्न दोघांत वाटावे, तंबूचे कापड एकाकडे आणि खांब-खुंट्या दुसऱ्याकडे द्याव्यात. ही वाटणी समसमान न करता प्रत्येकाच्या शरीराच्या वजनाच्या आणि त्या दिवशीच्या दुखण्याच्या प्रमाणात असावी.

थांब्यानंतरचा पहिला दिवस आखूड ठेवावा, दहा-बारा किलोमीटर पुरे. रसद भरलेली असल्याने त्या दिवशी ओझे सर्वांत जड असते, सांधे आखडलेले असतात आणि पोटही भरलेले असते. मेनमधील मॉन्सन गावातून पुढच्या सुमारे 160 किलोमीटरच्या दुर्गम टप्प्यात शिरताना ही काळजी दुप्पट घ्यावी, कारण त्या टप्प्यात मध्ये गाव लागत नाही. पहिल्या मुक्कामावर तंबू लावल्यावर ज्याच्या पायाची तक्रार होती त्याचा पाय जोडीदाराने पुन्हा पाहावा, तीच जागा त्याच अंगठ्याने दाबून पाहावी, आणि कळ गावातल्यापेक्षा वाढलेली असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी, गाव अजून अर्ध्या दिवसाच्या अंतरावर असतानाच, दोघांनी मागे फिरावे.